खळग्यातून वळलेला प्रकाश

१९७३ साली ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात फ्लॉरेन्सच्या चार शास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध छापून आला. रिगीनी, रुसो, सोत्तिनी आणि तोराल्दो दि फ्रांचा अशी त्यांची नावे. प्रश्न दिसायला साधा होता. काचेच्या किंवा स्फटिकाच्या पृष्ठभागावर केसाहून कितीतरी पातळ पारदर्शक थर दिला, तर प्रकाश त्या थरात अडकून पृष्ठभागालगत वाहत राहतो. पण त्या थराच्या आत भिंग कसे बसवायचे? फ्लॉरेन्सचे उत्तर असे की भिंग बसवूच नका. थर देण्याआधी पृष्ठभागात एक गोलसर खळगा कोरा आणि थर त्या खळग्यावरून सारख्याच जाडीचा जाऊ द्या. खळग्यात उतरून पलीकडे चढणारे किरण एकमेकांकडे झुकतात आणि पुढे एका ठिकाणी मिळतात.

थराचा पदार्थ सगळीकडे एकच, जाडी एकच, प्रकाशाचा वेगही एकच. बदलला होता तो फक्त ज्या पृष्ठभागावर प्रकाशाला चालायचे होते त्याचा आकार.

आज वक्र अवकाशाच्या भूमितीने प्रकाश वळवणारी सूक्ष्म उपकरणे जगातल्या अनेक प्रयोगशाळांत तयार होतात. त्यांची कहाणी सांगताना सुरुवात बहुधा आइन्स्टाइनपासून होते. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश वळतो, मग तसाच तो चिपवर का वळवू नये, असा तो धागा. हा धागा खराच आहे. पण मला ही कहाणी दोन प्रवाहांची वाटते. एक प्रवाह आकाशातून आला आणि दुसरा कारखान्यातून, रडारच्या अँटेना ठोकणाऱ्या आणि स्फटिक घासणाऱ्या माणसांच्या हातून. हा दुसरा प्रवाह वयाने लहान नाही आणि कामाने तर मुळीच नाही. वक्र पृष्ठभागावरून लहरी प्रत्यक्ष नेऊन दाखवण्याचे काम आधी त्याने केले. तरी त्याचे नाव क्वचितच घेतले जाते.

दोन्ही प्रवाहांचा उगम मात्र एकाच जागी आहे. १६६२ मध्ये फ्रान्सच्या पिएर द फर्मा यांनी एका पत्रात मांडले की एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत जाताना प्रकाश कमीत कमी वेळेचा मार्ग धरतो. पाण्यात शिरताना किरण मोडतो तो याच हिशेबाने. पाण्यात वेग कमी, म्हणून पाण्यातला तुकडा छोटा ठेवलेला बरा. वेग सगळीकडे सारखा असेल, तर कमीत कमी वेळ म्हणजेच कमीत कमी अंतर. सपाट जागेत तो मार्ग सरळ रेषा असतो. गोलावर तो बृहद्‌वृत्ताचा तुकडा असतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारा सर्वांत जवळचा हवाई मार्ग भिंतीवरच्या नकाशात उत्तरेकडे फुगलेला दिसतो तो यामुळेच. तो वाकडा नाही, पृथ्वी गोल आहे. कोणत्याही वक्र पृष्ठभागावरच्या अशा जवळात जवळच्या मार्गाला जिओडेसिक म्हणतात.

हॅनोव्हर राज्याच्या भूमापनाचे काम करणाऱ्या कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ मध्ये वक्र पृष्ठभागांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातला एक निष्कर्ष आपल्या कहाणीला पायाभूत आहे. पृष्ठभागाची खरी वक्रता त्याच्याबाहेर न जाता, त्याच्यावर राहूनच मोजता येते. कागदाची सुरळी केली तर बाहेरून ती वाकलेली दिसते, पण कागदावर आखलेल्या रेषांची लांबी बदलत नाही आणि त्रिकोणाचे कोनही बदलत नाहीत. त्या अर्थाने सुरळी सपाटच राहते. गोल मात्र कितीही ओढाताण केली तरी कागदावर न फाटता पसरत नाही. प्रकाशालाही हाच फरक जाणवतो, पण ते प्रयोगाने दिसायला आणखी सुमारे एकशे ऐंशी वर्षे जावी लागली.

मग १८५४ साल येते. या वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे त्या घडवणाऱ्यांपैकी कोणालाही माहीत नव्हते. केंब्रिजमध्ये नुकतीच पदवी घेतलेल्या, बावीस वर्षांच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका गणिती नियतकालिकात एका कोड्याचे उत्तर दिले. एका पारदर्शक गोळ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती मंदावतो त्याचे माप, मध्यभागी सर्वांत जास्त आहे आणि बाहेर जाताना एका ठरावीक नियमाने उतरत काठाशी निम्मा होतो. अशा गोळ्यात प्रत्येक किरण वर्तुळाकार फिरतो आणि एका बिंदूतून निघालेले सगळे किरण दुसऱ्या एका बिंदूत तंतोतंत मिळतात. माशाच्या डोळ्याचे भिंगही मधोमध दाट असते, म्हणून या गोळ्याला पुढे मॅक्सवेलचा मत्स्यनेत्र म्हणू लागले. त्याच वर्षी १० जूनला ग्यॉटिंगेनमध्ये सत्तावीस वर्षांचे बर्नहार्ट रीमान आपले पात्रता व्याख्यान द्यायला उभे राहिले. त्यांनी सुचवलेल्या तीन विषयांतला शेवटचा, भूमितीच्या पायावरचा विषय गाउस यांनी निवडला होता आणि वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी ते समोर ऐकायला बसले होते. पृष्ठभागांची वक्रता मोजण्याची गाउस यांची रीत रीमान यांनी कितीही मितींच्या अवकाशाला लावून दाखवली. त्या व्याख्यानावरच पुढे आइन्स्टाइनचा सिद्धांत उभा राहिला.

मॅक्सवेलच्या गोळ्यात किरण वर्तुळात का फिरतात, याचे उत्तर रीमानच्या भूमितीत होते. गोलाचा पृष्ठभाग एका विशिष्ट प्रक्षेपणाने सपाट कागदावर उतरवला, तर गोलावरची सगळी बृहद्‌वृत्ते कागदावर वर्तुळे किंवा सरळ रेषा होतात. एका ध्रुवावरून निघालेली रेखावृत्ते जशी दुसऱ्या ध्रुवावर मिळतात, तसे मत्स्यनेत्रात किरण मिळतात. म्हणजे मत्स्यनेत्र हा सपाट जागेत मांडलेला गोल आहे. वेगवेगळ्या जागी वेगवेगळा वेग देऊन सपाट पदार्थाला वक्र पृष्ठभागासारखे वागवता येते, असा त्याचा अर्थ. आज तो स्पष्ट दिसतो, पण तेव्हा तो सांगायला सुमारे नव्वद वर्षे कोणी आले नाही.

जे आले ते रुडॉल्फ ल्यूनेबर्ग. ग्यॉटिंगेनमध्ये डॉक्टरेट घेतलेला हा गणिती जर्मनी सोडून अमेरिकेत स्थायिक झाला होता. युद्ध ऐन भरात असताना, १९४४ मध्ये, ब्राउन विद्यापीठात त्यांनी प्रकाशिकीच्या गणितावर व्याख्याने दिली. त्यांची टिपणे चक्रमुद्रित होऊन हातोहात फिरली. पुस्तकरूपात ती १९६४ मध्ये आली, तेव्हा ल्यूनेबर्ग हयात नव्हते. त्या व्याख्यानांत मत्स्यनेत्र आणि गोल यांचे नाते उलगडले होते. शिवाय आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे भिंगही होते. या गोल भिंगाचा अपवर्तनांक मध्यापासून काठाकडे असा उतरत जातो की एका दिशेने येणारा समांतर झोत समोरच्या काठावरच्या एकाच बिंदूत मिळतो, आणि झोत कोणत्याही दिशेने आला तरी हेच घडते.

इथे रडारचा प्रवेश होतो, आणि कहाणीतला मला सर्वांत प्रिय भागही इथलाच आहे. रडारचा झोत आकाशभर झपाट्याने फिरवायचा असतो. अँटेनाची जड तबकडी गरागरा फिरवणे कठीण. ल्यूनेबर्ग भिंग असेल तर तबकडी फिरवायची गरजच नाही. भिंगाच्या काठावर एक हलका स्रोत फिरवला की समोरून बाहेर पडणारा झोत तितकाच फिरतो. अडचण एवढीच की मध्यापासून काठापर्यंत अपवर्तनांक हळूहळू उतरणारा गोळा त्या काळी बनवायचा कशाचा? १९४७ मध्ये मायर्स यांनी समांतर पत्र्यांच्या प्रकाशिकीवर लिहिले. १९४८ मध्ये राइनहार्ट यांनी ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये नेमके उत्तर दिले. त्यांनी भिंगाचा पदार्थच काढून टाकला.

दोन धातूचे पत्रे एकमेकांपासून अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी अंतरावर समांतर ठेवले, तर रेडिओलहर त्यांच्यामधल्या हवेतून हवेतल्याच वेगाने जाते आणि पत्र्यांचा आकार सोडून कुठे भटकत नाही. आता हे पत्रे सपाट न ठेवता मधोमध घुमटासारखे फुगवा. काठाकाठाने जाणाऱ्या लहरीचा मार्ग छोटा राहतो आणि घुमटाच्या माथ्यावरून जाणाऱ्या लहरीला चढउतार करावा लागतो, म्हणून तिचा मार्ग लांबतो. वरून पाहणाऱ्याला वाटेल की मधे जणू जास्त दाट पदार्थ आहे, कारण तिथे लहर उशिरा पोहोचते. प्रत्यक्षात लहर सगळीकडे एकाच वेगाने, घुमटावरच्या जवळात जवळच्या वाटेने जात असते. ल्यूनेबर्ग भिंगाशी तंतोतंत जुळणारा घुमट कोणत्या आकाराचा असेल, त्याचे सूत्र राइनहार्ट यांनी काढले. मॅक्सवेलने गोल सपाट जागेत उतरवला होता, आणि राइनहार्ट यांनी सपाट भिंग पुन्हा वक्र पृष्ठभागावर चढवले. त्यांना कृष्णविवराशी काही घेणे नव्हते. त्यांना झोत फिरवायचा होता.

त्याआधीपासूनच आकाशाचा प्रवाह दुसऱ्या वाटेने वाहत होता. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून आणि ब्राझीलमधल्या सोब्राल इथून ताऱ्यांची छायाचित्रे घेतली गेली. सूर्याच्या कडेला घासून येणारा प्रकाश १.७५ विकला वळतो, या आइन्स्टाइनच्या भाकिताची परीक्षा घेणे हा त्यामागचा हेतू होता. ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये निकाल जाहीर झाला. प्रिन्सिपेला गेलेल्या आर्थर एडिंग्टन यांनी १९२० च्या आपल्या पुस्तकात लिहिले की सूर्याभोवती योग्य अपवर्तनांकाचे माध्यम पसरले आहे असे मानले, तरी प्रकाश इतकाच वळेल. त्यांच्यासाठी ती समजावण्याची एक सोय होती. १९२३ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर गॉर्डन यांनी ती सोय गणितात उतरवली. हलत्या पारदर्शक पदार्थातून जाणाऱ्या प्रकाशाला तो पदार्थ वेगळ्या भूमितीचा अवकाश-काळ वाटतो, हे त्यांनी दाखवले. गॉर्डन ज्यू होते. १९३३ मध्ये हॅम्बुर्गमधली जागा गेल्यावर ते स्टॉकहोमला गेले आणि १९३९ मध्ये तिथेच वारले. क्लाइन–गॉर्डन समीकरणात त्यांचे नाव उरले. प्रकाशाच्या भूमितीवरचा त्यांचा निबंध मात्र कित्येक दशके फार थोड्यांनी उघडला.

१९६० मध्ये पोलंडच्या येझी प्लेबान्स्की यांनी शेवटचा दुवा जोडला. वक्र अवकाश-काळातली मॅक्सवेलची समीकरणे आणि सपाट अवकाशात ठेवलेल्या एका विशिष्ट माध्यमातली समीकरणे एकाच रूपाची असतात. म्हणजे कोणतीही वक्रता पदार्थातून उभी करता यावी. अट कडक होती. त्या पदार्थाने विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांना सारखाच प्रतिसाद द्यायला हवा, आणि दृश्य प्रकाशाला असे वागणारा पदार्थ निसर्गात सापडत नाही. त्यामुळे हा प्रवाह बराच काळ आकाशाकडेच पाहत राहिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी १९७९ मध्ये असे सुचवले, की क्वासार या अतिदूरच्या तेजस्वी खगोलांतले काही भाग प्रकाशापेक्षा वेगाने दूर जाताना भासतात त्यामागे वाटेतल्या आकाशगंगेचे गुरुत्वीय भिंग असू शकेल. त्या भासाचे दुसरे कारण पुढे सर्वमान्य झाले. पण गुरुत्व भिंगासारखे काम करते हे सांगायला धाडस लागे असे ते दिवस होते. पहिले गुरुत्वीय भिंग, एकाच क्वासारच्या दोन प्रतिमा, त्याच वर्षी सापडले.

त्याच १९७० च्या दशकात फ्लॉरेन्सजवळ खळगे कोरले जात होते. ज्युलिआनो तोराल्दो दि फ्रांचा आर्चेत्रीच्या टेकडीवरच्या प्रकाशिकी संस्थेत घडलेले. ही तीच टेकडी जिथे गॅलिलिओने शेवटची वर्षे नजरकैदेत काढली. पृष्ठभागांच्या आकाराने चालणाऱ्या भिंगांवर तोराल्दो यांनी १९५५ मध्येच लिहिले होते. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या स्ट्युअर्ट मिलर यांनी एक नवी दिशा सुचवली. विजेच्या मंडलांसारखी प्रकाशाची मंडले एकाच चकतीवर बसवावीत, अशी ती कल्पना. तेव्हा रडारच्या घुमटाची युक्ती दृश्य प्रकाशासाठी खळगा होऊन परत आली.

या युक्तीचा मोठा गुण म्हणजे ती फक्त आकारावर चालते. नेहमीच्या भिंगात लाल आणि निळा प्रकाश थोड्या वेगळ्या ठिकाणी मिळतात, कारण काचेतला त्यांचा वेग वेगळा. खळग्यात वेग कितीही असो, जवळात जवळचा मार्ग एकच, म्हणून सगळे रंग एकाच जागी येतात. दोष होता तो कडेला. सपाट पृष्ठभाग जिथे खळग्यात उतरतो तिथे धार राहिली, तर प्रकाश थरातून बाहेर उडतो. धार गोलवली तर खळग्याचा आकार बिघडतो आणि किरण नीट मिळत नाहीत. धार गोलवूनही नाभी बिनचूक राहील अशा आकारांचे सर्वसाधारण सूत्र सोत्तिनी, रुसो आणि रिगीनी यांनी १९७९ मध्ये दिले.

हे सूत्र कागदावर राहिले नाही. अमेरिकेत ह्यूजेस आणि वेस्टिंगहाउस यांच्या प्रयोगशाळांत १९८० च्या सुमारास लिथियम नायोबेटच्या काही सेंटिमीटर लांब स्फटिकावर एक उपकरण उभे राहिले. शत्रूच्या रडारचा संकेत कोणत्या वारंवारतेचा आहे हे क्षणात ओळखणे, हे त्याचे काम. लेसरचा प्रकाश थरात शिरतो आणि पहिला खळगा त्याचा समांतर झोत करतो. रडारचा संकेत स्फटिकाच्या पृष्ठभागावर ध्वनिलहर म्हणून सोडलेला असतो. त्या लहरीवरून प्रकाश जितक्या कोनात वळतो, त्यावरून वारंवारता कळते. दुसरा खळगा प्रत्येक कोनातला प्रकाश शोधकांच्या रांगेतल्या वेगळ्या घरात टाकतो. हे खळगे हिऱ्याच्या टोकाच्या लेथवर कातले जात. वक्र पृष्ठभागाच्या भूमितीने प्रकाश आवरणारे हे प्रकाशीय मंडल खरोखर चालले, आणि त्यात सापेक्षतावादाचा एकही शब्द नव्हता. पुढे अंकीय संगणन वेगवान झाले आणि हे काम इलेक्ट्रॉनिक चिप करू लागल्या. खळगे कोरणे महाग होते. त्या कामाची आठवण अभियंत्यांच्या जुन्या नियतकालिकांपुरती उरली.

प्रकाशीय चिपवर आणखी एक जुनी डोकेदुखी होती ती वळणाची. प्रकाश वाहून नेणारा तरंगवाहक वाकवला की प्रकाश वळणाच्या बाहेरच्या बाजूने गळतो. १९७५ मध्ये हायब्लम आणि हॅरिस यांनी हे वाकडे वळण गणिताने सरळ करून पाहिले. बाहेरची बाजू लांब पडते, म्हणून सरळ केलेल्या चित्रात बाहेरच्या बाजूला अपवर्तनांक चढत गेल्यासारखा दिसतो, आणि प्रकाश चढत्या अपवर्तनांकाकडे ओढला जातो. वळणाची भूमिती आणि पदार्थाचा गुण यांची अदलाबदल होऊ शकते, हे त्या पिढीचे अभियंते रोज वापरत होते. २०१२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मिशाल लिप्सन यांच्या गटाने हीच दृष्टी पुढे नेली. एकाच वेळी अनेक आकारांच्या लहरी वाहणारे सिलिकॉनचे वळण त्यांनी असे घडवले की त्या लहरी वळताना एकमेकींत मिसळत नाहीत.

दोन प्रवाह एकमेकांजवळ आले ते २००६ मध्ये. जून महिन्यात ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन पेंड्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, दुसरा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या उल्फ लिओनहार्ट यांचा. अवकाश रबरासारखे ताणून त्यात एक पोकळी करा, प्रकाशाच्या वाटा तिच्याभोवतीने वळवा, आणि ते ताणलेले अवकाश पदार्थाच्या गुणांनी उभे करा. एवढे जमले की पोकळीतली वस्तू दिसत नाही. पेंड्री यांची वाट संगणकीय सोयीतून सुरू झाली होती. १९९६ मध्ये वॉर्ड आणि पेंड्री यांनी दाखवले होते की मॅक्सवेलची समीकरणे कोणत्याही निर्देशक पद्धतीत लिहिली तरी रूप तेच राहते, फक्त पदार्थाचे आकडे बदलतात. लिओनहार्ट यांची वाट सापेक्षतावादाकडून आली होती, आणि गॉर्डन व प्लेबान्स्की यांचे जुने निबंध त्यांनी पुन्हा वाचकांसमोर आणले. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात तांब्याचा एक दंडगोल ८.५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींपासून बऱ्याच अंशी लपवला गेला. त्याभोवतीच्या वर्तुळाकार कड्यांवर धातूच्या सूक्ष्म आकृत्या कोरलेल्या होत्या. निसर्गात न मिळणारा गुण त्या आकृत्या लहरींना देत होत्या.

वर्तमानपत्रांनी अदृश्य करणाऱ्या झग्याच्या मोठमोठ्या बातम्या दिल्या. माझ्या मते २००६ चे महत्त्व झग्यात नाही. तोवर प्रकाशीय उपकरण आखताना आधी पदार्थ निवडायचा आणि मग प्रकाश कुठे जातो ते पाहायचे, अशी रीत होती. आता प्रकाशाला कोणत्या भूमितीत चालवायचे ते आधी ठरवून त्यावरून पदार्थ शोधता येऊ लागला. पण त्यासाठीचे पदार्थ घडवायला अवघड होते आणि प्रकाश शोषून घेत. मग साहजिकच प्रश्न आला की पदार्थाच्या मागे न लागता पृष्ठभागच वक्र केला तर? २००९ मध्ये लिओनहार्ट आणि चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचे टोमाश टिट्स यांनी झग्याची नवी आखणी गोलाच्या भूमितीवर केली. पुढे टिट्स आणि त्यांचे सहकारी शार्बोर्ट यांनी ल्यूनेबर्ग, मत्स्यनेत्र आणि राइनहार्टचे घुमट यांना एकाच सूत्रात बांधले. कारखान्यातला प्रवाह आता आकाशातल्या प्रवाहाला येऊन मिळाला.

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये उल्फ पेशेल यांच्या गटाने प्रश्न अगदी मुळापासून घेतला. बाट्झ आणि पेशेल यांनी २००८ मध्ये आधी गणित मांडले. त्याला आधार होता ब्राझीलच्या दा कॉस्टा यांच्या १९८१ च्या एका निष्कर्षाचा. पृष्ठभागाला बांधून ठेवलेल्या क्वांटम कणाला त्या पृष्ठभागाची वक्रता एका जादा विभवासारखी जाणवते, असे त्यांनी दाखवले होते. प्रकाशलहरीलाही तेच लागू होते. २०१० मध्ये शुल्टहाइस आणि सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले. गोलासारख्या धन वक्रतेच्या पृष्ठभागावर लेसरचा झोत पसरतो आणि ठरावीक अंतराने पुन्हा गोळा होतो, जणू सुरुवातीचे चित्र परत परत उमटते. घोड्याच्या खोगिरासारख्या ऋण वक्रतेच्या पृष्ठभागावर तो सपाट जागेपेक्षा फार झपाट्याने पसरत जातो. वक्रतेची त्रिज्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठी असली, तर गाउसने सांगितलेली आतली वक्रताच तेवढी महत्त्वाची ठरते आणि सुरळीसारखे बाहेरचे वाकणे प्रकाशाला जाणवत नाही. हॅनोव्हरची शेते मोजणाऱ्या माणसाचा सिद्धांत असा लेसरने तपासला गेला.

चीनमधल्या नानजिंगमध्ये २०१३ साली जे झाले त्याचा साधेपणा मला विलक्षण वाटतो. चोंग शेंग, हुई लिऊ आणि सहकाऱ्यांनी पारदर्शक प्लास्टिकचे द्रावण काचेवर गोल फिरवून पसरले आणि त्यात सूक्ष्म गोळ्या सोडल्या. द्रावण वाळताना पृष्ठताणामुळे प्रत्येक गोळीभोवती थर वर चढतो आणि लांब जाताना पातळ होत जातो. थर जाड असेल तिथे त्यातला प्रकाश जास्त दाट माध्यमातून गेल्यासारखा वागतो. त्यामुळे गोळीभोवतीचा थर एखाद्या जड ताऱ्याभोवतीच्या अवकाशासारखा झाला. गोळीपासून लांबून गेलेला झोत थोडा वळला आणि जवळून गेलेला जास्त वळला. एका मर्यादेच्या आत आलेला झोत गोळीने धरून ठेवला, जसा कृष्णविवराभोवतीच्या एका अंतरावर प्रकाश अडकतो तसा. थरात मिसळलेल्या चमकणाऱ्या द्रव्यामुळे ही सगळी वाट सूक्ष्मदर्शकातून दिसत होती. पृष्ठताणाने आपोआप घडवलेली वक्रता!

इस्राएलच्या हैफा शहरातल्या टेक्निऑनमध्ये रिव्का बेकनस्टाइन आणि मोर्देखाय सेगेव यांनी २०१७ मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये ही दिशा सूक्ष्म उपकरणांपर्यंत नेली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले अग्रानात आणि फिलाडेल्फियाचे नादेर एंगेटा त्यांच्यासोबत होते. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये, त्याच वर्षी मृत्यू येण्याआधी, एका वस्तुमानाभोवतीच्या वक्र अवकाशाचे सूत्र दिले होते. त्या सूत्रावरून स्फुरलेला अन्वस्तज, म्हणजे पॅराबोलाच्या वक्राला गोल फिरवून मिळणारा पृष्ठभाग, त्यांनी मायक्रोमीटरच्या मापात घडवला आणि त्यावर प्रकाश नेला. झोताची वाट, त्याचे पसरणे, लहरीचा वेग आणि लहरींच्या गुच्छाचा वेग हे सगळे पृष्ठभागाच्या आकारानेच ठरवता येते, हे तिथे दिसले. चिपवरच्या कामाला याचे मोल मोठे आहे. काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, सिलिकॉनचा साडेतीनच्या आसपास. पदार्थ बदलून हात किती लांब जाणार? आकाराला तशी मर्यादा नाही.

पुढच्याच वर्षी याच गटातल्या आनातोली पात्सिक आणि सहकाऱ्यांनी विजेच्या दिव्याच्या काचेचे गोल कवच वापरले. त्या पातळ काचेत त्यांनी खास घडवलेला लेसर झोत सोडला. साधा झोत गोलावर बृहद्‌वृत्ताच्या वाटेने जातो. हा झोत तसा गेला नाही. त्याच्या आतल्या लहरी एकमेकींवर अशा चढत होत्या की झोताचा सर्वांत तेजस्वी भाग जिओडेसिक सोडून आपल्याच वाटेने वळत राहिला, आणि त्याच वेळी काचेच्या वक्रतेमुळे ठरावीक अंतराने बारीक आणि रुंद होत राहिला. वक्र अवकाशात प्रकाश नेहमी जवळात जवळची वाट धरतो, हे वाक्य किरणांसाठी खरे आहे. लहरींना त्यापलीकडेही वाव आहे, हे तिथे डोळ्यांनी दिसले.

घुमटाच्या अँटेनाही परत आल्या आहेत. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातले ऑस्कर केव्हेदो-तेरुएल आणि युरोपीय अवकाश संस्थेचे नेल्सन फोन्सेका यांनी राइनहार्टच्या घुमटाला लहरीदार घड्या घातल्या. त्यामुळे त्याची उंची कमी होते आणि तो उपग्रहात किंवा मोबाइल जाळ्याच्या खांबावर बसू शकतो. मिलिमीटर लहरी प्लास्टिकमध्ये किंवा काचेत शोषल्या जातात. धातूच्या दोन पत्र्यांमधल्या हवेत जवळपास नाहीत. म्हणून दूरसंचाराच्या नव्या पट्ट्यांसाठी ही जुनी युक्ती पुन्हा हाती घेतली जात आहे.

२०२३ मध्ये जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातील क्योको कितामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या पत्र्यात नियमित अंतराने छिद्रे असलेले प्रकाशीय स्फटिक घेतले आणि छिद्रांमधले अंतर हळूहळू बदलत नेले. पत्रा सपाटच राहिला, फक्त त्याची जाळी विकृत झाली. टेराहर्ट्झ लहरी त्या जाळीतून जाताना गुरुत्वाच्या ओढीत सापडल्यासारख्या वळल्या. या लहरींकडे सहाव्या पिढीच्या दूरसंचाराचे लक्ष आहे. एका चिपवर त्यांची वाट आखायला आता भूमिती हे अभियंत्यांच्या हातातले एक साधन झाले आहे.